घरचे केस

विग घ्यायला माणसानं एकटं जावं. बरोबर नेलेली माणसं विगाकडं कमी आणि आपल्या तोंडाकडं जास्त बघतात, आणि मग आपण त्यांना बरं वाटेल असं काहीतरी घेऊन घरी येतो. मी कोल्हापूरच्या केशांकुर केंद्रात गेले तेव्हा माझ्याबरोबर आई होती आणि धाकटी बहीण दीप्ती, आमची दिपू, होती. तिथंच सगळं चुकलं.

मी केतकी चौगुले, जयसिंगपूरची. लग्न, साखरपुडा, सत्कार, दुकानाचं उद्घाटन, जिथं माईक तिथं मी. निवेदन करणं हाच माझा धंदा. त्या वर्षी डोक्यावर रुपयाएवढी चाई पडली, मग तिच्या शेजारी दुसरी, आणि उन्हाळा संपेपर्यंत डोक्यावर एक केस उरला नाही. डॉक्टर म्हणाले, तुमचं शरीर तुमच्याच केसांच्या मुळांना परकं समजून मारतंय. कारण विचारलं तर म्हणाले, ताण. मला ताण आला तो केस गेल्यावर, पण हे त्यांना कोण सांगणार.

डोक्याला स्कार्फ बांधून मी दोन कार्यक्रम केले. दुसऱ्यात नवरीच्या आत्यानं माझी इतक्या मायेनं चौकशी केली की सगळा मांडव नवरीला सोडून माझ्याकडं बघायला लागला. त्यानंतर बोलावणी थांबली.

केंद्रातल्या फरीदा मुल्ला मॅडम शांत बाई. त्यांनी टेबलावर दोन टोप मांडले आणि शेजारी एक काचेची पेटी ठेवली.

"पहिल्यांदाच घेताय ना? मग सावकाश बघा," त्या म्हणाल्या. "हा कृत्रिम धाग्याचा. हलका असतो, धुतला की पुन्हा तसाच बसतो. फक्त गॅसपाशी जपायचं. फोडणीची वाफ लागली तरी पुढची झालर आक्रसते. हा दुसरा खऱ्या केसांचा, कुणी देवाला वाहिलेल्या, कुणी विकलेल्या. दिसायला सुंदर, पण त्याची उस्तवार आपल्या केसांसारखीच करावी लागते."

"कुणाच्या डोक्यावरचे कुणास ठाऊक," आई माझ्या कानाशी म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "सुतकातले असतील, आजारपणातले असतील. नको बाई."

"आणि हा?" दिपूनं काचेच्या पेटीवर बोट ठेवलं. आत एक मऊ जाळी होती आणि तिच्यावर नुकती उगवलेली काळी लव.

"हा जिवंत टोप," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. दात्याच्या कानामागून केसांची थोडी मुळं काढायची. त्यांच्या पेशी वाढवून हजारो मुळं तयार करायची आणि ती जाळीत रोवायची. जाळीखाली पोषक जेलची पातळ गादी असते, ती दर आठवड्याला बदलायची. टोप डोक्याला घट्ट धरतो, पण आपल्या रक्ताशी त्याचा संबंध येत नाही, त्यामुळं आपलं शरीर त्याच्यावर उठत नाही. केस वाढतात, वाऱ्यावर उडतात, तेल पितात.

"एकच गोष्ट लक्षात ठेवा. डोक्यावर केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. तेवढं थांबायला कुणाला वेळ नाही, म्हणून आम्ही मुळांना घाई करायला लावतो. त्या घाईत पेशींचं वयही भराभर वाढतं. दात्याचे केस पन्नाशीत पिकणार असतील तर टोप दोन-तीन वर्षांत पिकतो."

"म्हणजे मी म्हातारपणी कशी दिसणार ते ताईच्या डोक्यावर आधी दिसणार," दिपू हसत म्हणाली. "मग माझेच घ्या की. घरचे असताना बाहेरचे कशाला?"

लोणच्याबद्दल बोलावं तसं ती बोलली, आणि आईचा चेहरा उजळला. दिपूचे केस म्हणजे आमच्या घरचं कौतुक. लहानपणी आई आमच्या दोघींच्या वेण्या घालायची. माझी वेणी घालून झाली तरी शेगडीवरचं दूध तापलेलं नसायचं, आणि दिपूच्या वेणीला बसली की दूध उतू जायचं. ते केस आपल्या डोक्यावर येणार या विचारानं जे वाटलं त्याला आनंद म्हणायला मला आजही जड जातं.

मॅडमनी समजावून पाहिलं. "नवीन माणसानं धाग्याच्या टोपापासून सुरुवात करावी. काही महिने वापरा, आपल्याला नक्की काय हवंय ते कळतं. जिवंत टोपात दुसरं माणूस गुंतलेलं असतं."

"दुसरं कुठलं? बहीणच आहे," मी म्हणाले.

मग त्यांनी दिपूला दोन गोष्टी सांगितल्या. एक, तब्येतीत काही बिघाड वाटला तर लगेच कळवायचं, कारण आजारी दात्याचा टोप कुणाच्या डोक्यावर ठेवत नाहीत, केंद्र तो परत घेतं. आणि दुसरी, तपासणीत तुमच्या पेशींमध्ये काही सापडलं तर कायद्यानं ते एकाच माणसाला सांगता येतं, मग ते कुणाला सांगायचं?

"ताईला," दिपू म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं? ताई सांगेल मला."

वर्षभरानं टोप आला आणि माझं आयुष्य पुन्हा माईकपाशी आलं. खोटं कशाला बोलू, पूर्वीपेक्षा चांगलं आलं. कमरेपर्यंतची वेणी खांद्यावरून पुढं घेऊन मी उभी राहायचे तेव्हा कॅमेरेवाले नवरा-नवरीकडून माझ्याकडं वळायचे. लोक विचारायचे, कुठलं तेल लावता? मी हसून म्हणायचे, घरचंच.

दर रविवारी मी दिपूकडं जायचे. ती ब्लाऊजवर आरी वर्क करते. लाकडी चौकटीवर कापड ताणून, आकड्याच्या सुईनं खालून दोरा ओढत एकेक मणी बसवायचा. जयसिंगपूरपासून सांगलीपर्यंतच्या नवऱ्या तिच्याकडं येतात. रविवारी चौकट भिंतीला लावून ती मला पाटावर बसवायची आणि तेल घेऊन मागं बसायची. स्वतःचे केस स्वतःच दुसरीच्या डोक्यावर विंचरायचे, हा प्रकार तिला फार मजेचा वाटायचा.

"उजवीकडचा भोवरा बघ, माझाच आहे," ती म्हणायची. "भांग सरळ पडणारच नाही तुझा आता. भोग."

आमचं एवढं बोलणं तिच्या लग्नाआधी एका घरात असतानाही कधी झालं नव्हतं.

दिवाळीच्या आधी मानेवरची एक बट तांबूस दिसायला लागली. मला वाटलं पाणी क्षाराचं आहे. टोपाची तपासणी होतीच, म्हणून मी एकटीच कोल्हापूरला गेले. फरीदा मॅडमनी बट हातात घेतली, काही मुळं काढून नेली आणि बऱ्याच वेळानं परत आल्या. आल्या त्या टेबलापलीकडं न बसता माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.

"केसाला काळा रंग देणाऱ्या पेशी असतात," त्या म्हणाल्या. "गर्भात या पेशी आणि मज्जातंतू एकाच पट्टीतून निघतात. म्हणजे नातेवाईकच. त्यामुळं मेंदूत जे पुढं व्हायचंय त्याची खूण कधी कधी या रंगपेशींत दिसते. तुमच्या टोपात तशा प्रथिनाच्या गाठी दिसताहेत. टोपाचं वय दीप्तीताईंच्या पुढं आहे, म्हणून इथं आधी दिसलं."

"कशाची खूण?"

"कंपवाताची. तरुण वयात येणारा प्रकार आहे, तो लवकर सुरू होतो."

मला चौकट दिसली, आकड्याची सुई दिसली, सुईवरची दिपूची बोटं दिसली.

"घाबरू नका. आता याला थोपवणारी औषधं आहेत," मॅडम म्हणाल्या. "पण कुणाला कुठलं लागू पडेल हे माणसागणिक बदलतं, आणि एकेक देऊन बघायला माणसाकडं तेवढा वेळ नसतो. इथं मात्र हजारो मुळं आहेत. थोड्या थोड्या मुळांवर एकेक औषध लावलं की योग्य ते सापडतं. त्यासाठी हा अख्खा टोप लागेल. फक्त थोपवता येतं हं. हातातलं एकदा गेलं की परत आणता येत नाही. म्हणून लवकर सांगा. मला कायद्यानं फक्त तुमच्याशीच बोलता येतं."

"आज संध्याकाळीच सांगते," मी म्हणाले.

मी खरंच दिपूच्या घरी गेले. ती चकल्या पाडत होती. सोऱ्या दाबताना तिचे दोन्ही हात मी बघत राहिले. काही थरथरत नव्हतं. मनात म्हटलं, दिवाळी तरी होऊ दे बिचारीची. हा पहिला बहाणा, आणि तो मी तिच्या नावावर काढला.

दिवाळीनंतर तुळशीचं लग्न, मग लग्नसराई. मी आगाऊ बोलावणी घेऊन बसले होते. शिवाय होळीच्या आधी सांगलीला मोठा सोहळा होता. उद्योजक महिलांचे पुरस्कार, दूरदर्शनवर थेट प्रक्षेपण. अठरा वर्षं मी अशा एका बोलावण्याची वाट बघत होते. टोप दिला तर दुसरा दाता शोधून नवा टोप तयार व्हायला वर्ष जाणार. बायका स्कार्फ बांधून काय उभ्या राहत नाहीत? राहतात. माझी हिंमत झाली नाही, एवढं सरळ आहे ते.

तांबूस बट वाढत गेली. जिवंत टोपाला रंग लावायचा नसतो, मुळं भाजतात. मी न्हाणीघरात दार लावून ती बट काळ्या मेंदीनं माखली. माझ्या बहिणीचा आजार मी मेंदी लावून झाकला, आणि हात धुताना आरशात टोप कसा बसलाय हेही बघून घेतलं.

फरीदा मॅडमचा फोन आला. "बोललात का?"

"बोलले," मी म्हणाले. "ती विचार करतेय. थोडा वेळ हवाय म्हणते."

"ठीक आहे. निर्णय त्यांचाच आहे. पण लवकर कळवायला सांगा."

त्यानंतर त्यांनी फोन केला नाही. रुग्णानं वेळ मागितला की केंद्राला गप्प बसावं लागतं, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी ते वाक्य बोलले.

रविवार मात्र चुकवता येत नव्हते. एका रविवारी दिपू मागं बसून म्हणाली, "ताई, मान का एवढी ताठ धरलीस? सैल सोड की." मी सैल सोडली. तिची बोटं त्या मेंदी लावलेल्या जागेवरून गेली, थांबली आणि पुढं गेली. "तेल कमी पडतंय गं इथं," एवढंच ती म्हणाली. मला रडू आलं. डोळ्यांत तेल गेलं म्हणून मी सांगितलं, आणि तिनं पदरानं माझे डोळे पुसले.

सोहळ्यासाठी ब्लाऊज तिनंच केला. मोरपंखी कापड, बाहीवर सोनेरी मण्यांच्या ओळी. म्हणाली, ताई दूरदर्शनवर येणार म्हणजे हात आखडून चालणार नाही. ब्लाऊज तिनं आदल्या दिवशी तिच्या मुलाबरोबर पाठवला. एरवी ती स्वतः येऊन हुक लावून बघते.

सकाळी सभागृहाच्या मागच्या खोलीत मी तो अंगात घातला आणि आरशासमोर उभी राहिले. डावी बाही सुरेख होती. उजव्या बाहीवर कोपरापाशी मण्यांची ओळ वाकली होती. थोडी वर जाऊन परत खाली आली होती. तिथं दोरा दोनदा उसवून पुन्हा घातल्याची भोकं होती. माझी बहीण एक मणी वाकडा गेला तर अख्खी बाही उसवते. इथं तिनं उसवलं होतं, पुन्हा घातलं होतं, आणि तरी ओळ सरळ आली नव्हती.

बाहेरून कुणीतरी हाक मारली. मला लिहायला आवडलं असतं की मी तशीच निघाले. मी निघाले नाही. मंचावर गेले, दोन तास छान बोलले, कर्तबगार बायकांच्या हातांचं कौतुक करणारं एक वाक्य तर टाळ्या घेऊन गेलं. बोलताना उजवा हात मी सबंध वेळ पदराखाली ठेवला होता.

कार्यक्रम संपल्यावर मी थेट दिपूच्या घरी गेले. ती जेवणानंतरची भांडी पुसत होती. मी टोप काढला आणि तिच्या पुढ्यात ठेवला. तिच्या घरात मी पहिल्यांदाच उघड्या डोक्यानं बसले होते.

"हात दाखव तुझा," मी म्हणाले.

तिनं दाखवला नाही. उजवा हात डाव्या हातात धरून मांडीत ठेवला. "तुला कसं कळलं?"

"केसांवरून." मी गाठींचं सांगितलं, औषधांचं सांगितलं, टोप का लागणार ते सांगितलं. कधी कळलं ते सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. उलट तिला सुटल्यासारखं वाटलं असावं, कारण ती भडाभडा बोलायला लागली.

"संक्रांतीपासनं होतंय बघ. तिळाच्या वड्या थापताना पहिल्यांदा झालं. पण त्या मॅडम म्हणाल्या होत्या की, दात्याला काही झालं तर टोप काढून घेतात. म्हटलं, ताईचा सांगलीचा कार्यक्रम एवढा होऊ दे. मग सांगू. कसा झाला गं? मी बघितला, पण तू हात का लपवला होतास? बाही वाकडी झालीय ना? मला वाटलं दिसायची नाही."

दोघी एकाच कार्यक्रमासाठी थांबलो होतो. ती माझ्यासाठी थांबली होती, आणि मीही माझ्यासाठीच.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला गेलो. फरीदा मॅडमनी टोप दोन्ही हातांनी घेतला. मेंदी लावलेली जागा त्यांना लगेच दिसली. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मग दिपूचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "दीप्तीताई, दिवाळीपासून तुम्ही विचार करायला वेळ घेतलात. असा निर्णय सोपा नसतो. पण आलात हे फार बरं झालं."

दिपूनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. दिवाळी, चकल्या, मधले सगळे रविवार तिच्या डोळ्यांपुढून गेले असावेत, कारण ती बराच वेळ बघत होती. मी नजर खाली घातली.

"हो," ती मॅडमना म्हणाली. "घेतला जरा वेळ."

परतीच्या वाटेवर ती खिडकीकडच्या सीटवर बसली आणि हातकणंगलेपर्यंत बाहेर बघत राहिली. मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा तिनं डोळे मिटून घेतले.

औषध सापडलं. टोपाचे तुकडे करून, काचेच्या वाट्यांमध्ये ठेवून शोधलेलं औषध. दिपूचा आजार जिथं होता तिथं थांबला. पण उजव्या हाताची पहिली दोन बोटं आता बारीक मणी धरू शकत नाहीत. दिवाळीत सुरू केलं असतं तर? मी मॅडमना विचारलं नाही. त्यांनी बोटं तपासताना एवढंच म्हटलं की सुरुवातीला आलेल्यांचे हात बहुतेक पूर्ण वाचतात.

आईनं सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, केतकी होती म्हणून वेळेवर कळलं. गुढीपाडव्याला घरी पंधरा माणसं जमली होती. आत्या म्हणाली, अशी बहीण मिळायला भाग्य लागतं. मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणजे टोपावर ठेवला. धाग्याचा टोप, केंद्रात मला पहिल्या दिवशी दाखवलेला तोच प्रकार, नवख्या माणसासाठी. दोनच दिवसांत मी फोडणीला वाकले आणि कपाळावरची झालर आक्रसून गेली. मी दिपूकडं बघितलं. आता ही बोलेल, असं मला वाटलं, खरं तर बोलावं असं वाटलं. ती श्रीखंड वाढत होती, डाव्या हातानं. ती पुढच्या पानाकडं गेली.

त्याच्या पुढच्या रविवारी मी तिच्याकडं गेले. तेलाची वाटी नव्हती. धाग्याच्या टोपाला तेल लागत नाही. तिनं चौकट मांडली होती आणि डाव्या हातानं आकड्याची सुई धरायची सवय करत होती. टाके मोठे येत होते, शिकाऊ पोरीसारखे. मी दारातच उभी राहिले. मला पुन्हा वाटलं, आज नको, तिचं काम चाललंय. हे वाटणं मी आता ओळखते.

"दिपू, मला दिवाळीच्या आधी कळलं होतं," मी म्हणाले. "तू वेळ मागितलास असं मी मॅडमना खोटंच सांगितलं. ती बट मी मेंदी लावून झाकली. टोप जाईल म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं."

ती सुईकडंच बघत होती. "माहीत आहे."

"मग घरी कुणाला का नाही सांगितलंस?"

"तू सांगतेस का ते बघत होते."

बराच वेळ ती एक टाका उसवत बसली. मग मण्यांची डबी तिनं चौकटीवरून माझ्या बाजूला सरकवली आणि दोऱ्याचं रीळ तिच्यावर ठेवलं.

"हे ओवून दे. बारीक मला धरता येत नाहीत."

मी खाली बसले. केसांची झालर डोळ्यांवर येत होती म्हणून टोप काढून बाजूला ठेवला. तिनं मला माफ केलंय की नाही, मी विचारलं नाही. पाच-सहा मणी ओवून झाल्यावर तिनं दोरा माझ्या हातातून घेतला, उजेडात धरला, आणि मधला एक मणी खराब आहे म्हणून सगळे परत डबीत ओतले.

"पुन्हा ओव," ती म्हणाली.

आता रोज दुपारी मी तिच्याकडं मणी ओवायला जाते.